श्रम, विसांवा आणि रक्ताचें साखळणें

श्रावणाच्या सुमारास पाटणहून कोयनेच्या कांठाकांठानें वर, हेळवाकच्या बाजूस निघालेल्या मनुष्यास दोन गोष्टी चुकत नाहींत: एक पाऊस आणि दुसरी जळू. रानांतील पायवाट तुडवून घरीं आल्यावर पाय धुवावयास बसलें म्हणजे पोटरीवर रक्ताची बारीक धार लागलेली दिसते. जळू केव्हांच गळून पडलेली असते. जखम मोहरीएवढीही नसते. वेदना तर नाहींच. पण रक्त थांबत नाहीं. विळीनें बोट कापलें असतां जें रक्त पांचसात मिनिटांत आपोआप थांबतें, तेंच येथें तासतासभर झिरपत राहतें. याचें कारण जॉन हेक्राफ्ट या शरीरशास्त्रज्ञानें १८८४ सालीं दाखवून दिलें. जळवेच्या तोंडांतील स्रावांत रक्त गोठूं न देणारें एक द्रव्य असतें; पुढें त्यास हिरुडिन असें नांव मिळालें. पोट भरेपर्यंत भक्ष्याचें रक्त पातळ राहावें, एवढाच त्यांतील हेतु.

याच खोऱ्यांत भाताच्या खाचरांच्या बांधावर घोणस असते. तिचें विष अगदीं उलट वाटेनें जाऊन त्याच ठिकाणीं पोंचतें. रक्त गोठविणारीं जीं द्रव्यें शरीरांत असतात, त्यांस तें इतक्या जोरानें चेतवितें कीं, तीं अल्प काळांत सारीं खर्ची पडतात आणि मग रक्त गोठेनासें होतें. म्हणून सर्पदंशाचा रोगी आला कीं डॉक्टर त्याचें थोडें रक्त स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवतात आणि नंतर नळी कलती करून पाहतात. रक्त ओघळलें तर विष भिनलें असें समजावयाचें. हजारों रुपयांचीं यंत्रें नसलीं तरी चालणारी अशी ही परीक्षा आहे, आणि तिनें आजवर पुष्कळांचे प्राण वांचविले आहेत.

जळू आणि घोणस यांच्या या दोन तऱ्हांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. रक्ताचें पातळपण हें पाण्याच्या पातळपणासारखें स्वयंसिद्ध नाहीं. गोठविणारी एक शक्ति आणि विरघळविणारी दुसरी, अशा दोहोंच्या रस्सीखेचींतून तें क्षणोक्षणीं राखलें जात असतें. आतां प्रश्न असा कीं, ज्यास जळू लागलेली नाहीं, साप डसलेला नाहीं, कसलाही रोग नाहीं, असा धडधाकट मनुष्य डोंगर चढूं लागला, धांवूं लागला किंवा तालमींत उतरला, तर हा तोल कोणत्या बाजूस कलतो? व्यायामानें रक्त ‘पातळ होतें’ असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांत रूढ आहे. तो समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा माहीत नसला तर मात्र चाळिशी उलटलेल्या गृहस्थास तो केव्हां तरी महाग पडण्याचा संभव आहे.

प्रथम गोठण्याची रीत थोडक्यांत पाहिली पाहिजे. रक्तवाहिनीचें अस्तर कोठें फाटलें कीं सर्वांत आधीं धांवून येतात त्या रक्तबिंबिका. एका घनमिलिमीटर रक्तांत त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. त्यांचें आयुष्य आठदहा दिवसांचें. आणि त्यांतील सुमारें एक तृतीयांश नेहमीं प्लीहेंत राखून ठेवलेल्या असतात. त्या जखमेच्या कांठास चिकटतात, मग एकमेकींस चिकटतात, आणि भगदाडास तात्पुरता बोळा बसतो. त्यांच्या पाठोपाठ रक्तरसांतील द्रव्यांची परंपरा जागी होते. पहिलें दुसऱ्यास चेतवितें, दुसरें तिसऱ्यास. आणि प्रत्येक पायरीवर वेग वाढत जातो. १९६४ सालीं इंग्लंडांत मॅकफार्लेन यांनीं आणि अमेरिकेंत डेव्ही व रॅटनॉफ यांनीं ही परंपरा परस्परांपासून स्वतंत्रपणें मांडली. अमेरिकन पंडितांनीं तिला धबधब्याची उपमा दिली. सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणारांस ती समजावून सांगावी लागणार नाहीं. या धबधब्याच्या तळाशीं थ्रॉम्बिन तयार होतें, आणि तें रक्तांत विरघळलेल्या फायब्रिनोजेनाचे फायब्रिन नांवाचे तंतु बनवितें. या तंतूंच्या जाळ्यांत रक्तपेशी अडकल्या म्हणजे जी बनते ती गुठळी. रक्त साखळलें असें घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात तें हेंच.

पण भिंत बांधून झाली कीं परांची उतरवावी लागते. गुठळीचें काम संपल्यावर ती विरघळविण्यासाठीं प्लाझ्मिन नांवाचें द्रव्य असतें. तें एरवीं निद्रिस्त असतें. रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतून एक चेतक सुटतो, तो त्यास जागें करतो. आणि या चेतकास आवर घालणारा एक प्रतिबंधकही रक्तांत सदैव फिरत असतो. हा चेतक आणि हा प्रतिबंधक, दोघेही पुढें पुन्हां भेटणार आहेत.

श्रमाचा आणि या व्यवहाराचा कांहीं संबंध असावा, ही शंका फार जुनी आहे. जॉन हंटर या विख्यात स्कॉटिश शस्त्रवैद्याचा रक्ताविषयींचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७९४ सालीं प्रसिद्ध झाला. शिकारींत धांवून धांवून मेलेल्या जनावरांचें रक्त गोठत नाहीं, अशी नोंद त्यानें करून ठेवली. शिकाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असली तरी तिची उपपत्ति कोणापाशीं नव्हती. तिचा धागा हातीं लागावयास दीडशें वर्षें जावीं लागलीं. १९४७ सालीं ऑक्सफर्ड येथें रोझमेरी बिग्ज, मॅकफार्लेन आणि पिलिंग यांनीं निरोगी माणसांकडून जोराचा व्यायाम करविला, तेव्हां त्यांच्या रक्तांतील विरघळविण्याची शक्ति स्पष्टपणें वाढलेली आढळली. अ‍ॅड्रिनलिन टोंचल्यानेंही तेंच घडलें. हंटरच्या हरणांचें कोडें सुटलें असें वाटलें, आणि व्यायामानें रक्त पातळ होतें या समजास शास्त्राचा आधार मिळाला.

परंतु त्याच ऑक्सफर्डमध्यें १९६१ सालीं रिझ्झा यांनीं दुसरी बाजू दाखविली. व्यायामानंतर रक्तांतील आठवा घटक, म्हणजे हिमोफिलिया या रोगांत ज्याची उणीव असते आणि ज्याच्यावांचून धबधबा मध्येंच अडतो तें द्रव्य, वाढलेला दिसला. म्हणजे एकाच श्रमानें एकाच शरीरांत परांची उतरविणारा मजूर आणि भिंत चढविणारा गवंडी, दोघेही कामास लागतात. यांतून निसर्गाचा हेतु ओळखणें कठीण नाहीं. आदिमानव धांवे तो वाघाच्या भयानें किंवा हरणाच्या मागें. धांवतांना जखम होण्याचा संभव. म्हणून रक्त गोठण्याची तयारी हवी. आणि धांवतां धांवतां हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या वाहिनींत गुठळी अडकूं नये. म्हणून विरघळण्याचीही हवी. या तर्कास प्रयोगाचा पुरावा देतां येत नाहीं, तरी तो मनास पटतो.

तेव्हां व्यायाम चांगला कीं वाईट, असा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. किती जोराचा, कोणी केलेला आणि केल्यानंतर किती वेळानें पाहिलेला, हें विचारावयास हवें.

जोर मोजण्याची शास्त्रीय रीत अशी. प्रत्येक मनुष्यास परमावधीच्या श्रमांत दर मिनिटास अमुक इतकाच प्राणवायु वापरतां येतो. ती त्याची कमाल. चालूं असलेल्या श्रमास त्या कमालीचा कितवा भाग लागतो यावरून श्रम हलका, मध्यम कीं तीव्र हें ठरतें. प्रयोगशाळेबाहेर याहून सोपें एक माप आहे. श्रम करीत असतां गातां येत असेल तर तो हलका. गातां येत नाहीं पण बोलतां येतें, तो मध्यम. आणि दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो तो तीव्र. पूर्वीं घरोघर पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या जात. त्या ओव्यांचें काव्य पुष्कळांनीं वाखाणलें, पण दळणारीच्या श्रमाचें माप म्हणून त्यांकडे कोणी पाहिलें नाहीं. ओवी अखंड चालली आहे, तोंवर श्रम आपल्या मर्यादेंत आहे. ओवी तुटूं लागली कीं जातें जड झालें. लोणंद-फलटणच्या वाटेनें पंढरीस जाणारा वारकरी दिवसाकांठीं चारपांच कोस चालतो तो अभंग म्हणतच. त्याचेंही तेंच.

अशा हलक्या आणि मध्यम श्रमांत रक्ताची काय अवस्था होते, हें आतां पुष्कळ प्रयोगांवरून कळलें आहे. विरघळविणारा चेतक वाढतो आणि त्याचा प्रतिबंधक कमी होतो. उलट थ्रॉम्बिन फारसें बनतच नाहीं, आणि रक्तबिंबिका चिकट होण्याऐवजीं कांहीं प्रयोगांत उलट सौम्य झालेल्या आढळल्या. थोडक्यांत, तोल विरघळण्याच्या बाजूस हलकेंच झुकतो. १९९८ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनीं निरोगी पुरुषांकडून दोन निरनिराळ्या जोरांचे व्यायाम करवून घेतले. एका वेळीं कमालीच्या ६८ टक्के, दुसऱ्या वेळीं ८३ टक्के. पहिल्या वेळीं विरघळविण्याचें कार्य वाढलें, गोठण्याचें नाहीं. दुसऱ्या वेळीं दोन्ही वाढलीं. थ्रॉम्बिन आणि फायब्रिन प्रत्यक्ष तयार होऊं लागल्याच्या खुणा रक्तांत सांपडल्या. या दोन आंकड्यांच्या दरम्यान कोठें तरी उंबरठा आहे. तो प्रत्येकाचा सारखा असणार नाहीं, हें उघडच आहे.

उंबरठा ओलांडल्यावर काय काय घडतें याची हकीकत मोठी आहे. अ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. प्लीहा आकसते आणि तिच्यांतील राखीव रक्तबिंबिका रक्तांत लोटल्या जातात. त्यांची संख्या वाढते आणि स्वभावही तिखट होतो, कारण रक्त अरुंद वाहिन्यांतून वेगानें वाहूं लागलें कीं कडांच्या घर्षणानेंच त्या चेतून उठतात. आठवा घटक दीडपट, दुप्पट, कधीं त्याहूनही अधिक होतो. घाम जातो, रक्तरस वाहिन्यांबाहेर स्नायूंत उतरतो, आणि मागें राहिलेलें रक्त दाट होतें. हें सारें गोठण्याच्या बाजूचें. पण त्याच वेळीं चेतकही कित्येक पटींनीं वाढतो. एक तर वाहिन्यांच्या अस्तरांतून तो अधिक सुटतो. दुसरें असें कीं, त्यास नाहींसें करण्याचें काम यकृताचें, आणि तीव्र श्रमांत यकृताकडे जाणारें रक्तच घटलेलें असतें. दोन्ही पारडीं जड झालीं तरी कांटा मध्येंच राहतो. म्हणूनच शर्यतींत धांवणाऱ्या हजारों निरोगी तरुणांस कांहींएक इजा होत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरी गांठून दहावी आली. तशा धांवेंत रक्तांत किती उलथापालथ होत असेल, आणि मुरलेलें शरीर ती किती सहज सोसतें, याची कल्पनाच केलेली बरी.

खरी अडचण शर्यत संपल्यावर सुरू होते, आणि याच गोष्टीकडे लोकांचें लक्ष सर्वांत कमी असतें.

दोन्ही पारडीं एकाच वेळीं जड झालीं, पण तीं एकाच वेळीं हलकीं होत नाहींत. चेतकाचें आयुष्य मिनिटांचें. मनुष्य थांबला, यकृताकडे रक्त पूर्ववत् वाहूं लागलें कीं थोड्याच वेळांत तो ओसरतो. तासाभरांत विरघळविण्याची वाढलेली शक्ति बहुतेक संपलेली असते. आठव्या घटकाचें तसें नाहीं. रक्तांतून त्याचा निम्मा भाग नाहींसा होण्यास आठ ते बारा तास लागतात; म्हणून त्याचा चढलेला आंकडा कित्येक तास चढलेलाच राहतो. मजूर घरीं गेला आणि गवंडी कामावर राहिला, असा कांहीं काळ प्रत्येक तीव्र श्रमानंतर येतो. निरोगी, तरुण, संवयीच्या माणसांत तो निमूटपणें निघून जातो. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्यांत वयपरत्वें मेदाचे थर बसले आहेत, आणि ज्यास त्याची वार्ताही नाहीं, त्याच्या बाबतींत तसें म्हणवत नाहीं. चाळिशीपुढील पुष्कळ ‘निरोगी’ माणसें या वर्गांतलीं असतात. रक्तदाबाचा जोर येऊन असा थर कोठें फाटला, तर रक्तास ती जखमच वाटते, आणि जखमेवर जें करावयाचें तें तें इमानानें करतें.

या धोक्याचें माप एका अमेरिकन पाहणींत मिळतें. १९९३ सालीं मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेंहून अधिक रुग्णांची चौकशी केली. जोराच्या श्रमानंतरच्या एका तासांत झटक्याचा संभव एरवींच्या सुमारें सहापट आढळला. पण हा सरासरीचा आंकडा फसवा आहे. आठवड्यांत पांच किंवा अधिक वेळां श्रम करणारांत तो अडीचपटीच्याही आंत होता. आठवड्यांतून एकदांही न करणारांत शंभरपटीच्या वर. कोणत्याही एका तासांत झटका येण्याचा मूळचा संभव अत्यंत अल्प असल्यामुळें शंभरपट म्हणजेही कांहीं निश्चित मरण नव्हे, हें खरें. तथापि दोन मनुष्यांनीं एकच टेंकडी एकाच वेगानें चढली असतां त्यांच्यांत एवढें अंतर पडावें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

संवयीनें रक्तांत काय बदलतें, याचें उत्तर तैवानांतील संशोधकांनीं १९९५ सालीं दिलें. बैठें जीवन जगणाऱ्या तरुणांस त्यांनीं आठ आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस, रोज अर्धा तास मध्यम जोराचा व्यायाम दिला. पूर्वीं एकाएकीं केलेल्या तीव्र श्रमानें ज्या रक्तबिंबिका चटकन चेतून उठत, त्या आतां पुष्कळ शांत राहूं लागल्या. नंतर बारा आठवडे व्यायाम बंद ठेवला. तेव्हां मिळविलेलें सारें गेलें आणि रक्तबिंबिका पूर्वपदावर आल्या. रक्तबिंबिकेचें आयुष्य आठदहा दिवसांचें हें येथें आठवावें. मागल्या वर्षाच्या व्यायामाची आठवण ठेवणारी एकही रक्तबिंबिका आज शरीरांत नसते. तरुणपणीं कुस्ती केली, आतां त्याच पुण्याईवर निभेल, असें मानणारे गृहस्थ आपल्याकडे थोडे नाहींत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस पदक मिळविलें, तेव्हांपासून या मुलखांत घरटी एक माजी पैलवान सांपडतो. शरीराचा बांधा पुष्कळ वर्षें टिकतो, रक्ताची शिस्त तितकी टिकत नाहीं.

याच जिल्ह्यांतील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा जो हट्टानें प्रसार केला, त्यांत नित्यतेवर भर होता. रोज घालावे, बेतानें वाढवावे, खंड पडूं देऊं नये. रक्तबिंबिकांचा शोध राजेसाहेबांपुढें नव्हता; पण त्यांची नित्यता या शोधास अनुकूल आहे. अलीकडे एका दिवसांत किती नमस्कार घातले याच्या चढाओढी होतात, त्यांचें या दृष्टीनें फारसें कौतुक करतां येत नाहीं.

आतां पाटणकडे पुन्हां यावें. या तालुक्यांतील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या माणसें मुंबईस गेलीं आहेत. बाजारांत पाठीवर पोतीं वाहणाऱ्या माथाडी कामगारांसाठीं १९६९ सालीं महाराष्ट्रांत कायदा झाला. त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यांतलेच. त्या पिढीचा श्रम अतोनात होता, पण तो रोजचा होता. त्यांचीं मुलें आणि नातवंडें आतां कचेऱ्यांत दिवसभर खुर्चीवर बसतात. गांवची यात्रा आली, किंवा पावसाळ्यांत सडावाघापूरच्या पठारावर वाऱ्यानें उलटे उडणारे धबधबे पाहण्याची लहर आली, म्हणजे शनिवारीं रात्रीं निघून सहासात तास मोटारींत किंवा एस्‌.टी.च्या गाडींत पाय दुमडून बसावयाचें. पहाटे पाटणास उतरावयाचें. चहा घेऊन पाटणच्या वायव्येस उभ्या असलेल्या दातेगडाची वाट धरावयाची. कातळांत खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आणि दगडांतील गणपति-मारुति पाहावयाचे. बरोबरीच्या तरुणांपुढें मागें पडूं नये म्हणून चढण धापा टाकीत चढावयाची. आणि उतरून, जेवून, लगेच पुन्हां सहासात तास गाडींत बसावयाचें. साताऱ्यास २०१२ सालापासून यवतेश्वरच्या घाटांत डोंगरी अर्धमॅरॅथॉन शर्यत भरते. तिला परगांवाहून येणाऱ्या कित्येकांचाही क्रम हाच असतो.

या कार्यक्रमांतील एकेक गोष्ट घेतली तर निरुपद्रवी आहे. एकत्र केल्या तर त्या रक्तास तीन बाजूंनीं घेरतात. जर्मन पंडित विर्शो यानें गेल्या शतकाच्याही आधींच्या शतकांत शिरेंतल्या गुठळीचीं कारणें मांडलीं, तीं आजही मान्य आहेत: वाहिनीच्या अस्तरास इजा, रक्ताचा मंदावलेला ओघ आणि रक्ताच्या घटनेंतील बदल. पायांतील रक्त वर चढवितो तो पोटरीचा स्नायु. चालतांना तो भात्यासारखा दाबला जातो. गाडींत बसल्यावर भाता बंद पडतो. घाम गेलेला, पाणी कमी प्यालेलें, आठवा घटक चढलेला, चेतक ओसरलेला. आणि अशा वेळीं पाय तासनतास लोंबकळत. बॉस्टनच्या मॅरॅथॉन शर्यतींत दुरून विमानानें आलेले आणि जवळपासचे, अशा धांवपटूंची तुलना झाली आहे. शर्यतीनंतर गोठण्याच्या खुणा विमानानें आलेल्यांत अधिक वाढलेल्या आढळल्या. दोघेही धांवले सारखेच. फरक होता तो प्रवासाचा.

पहाटेच्या वेळेसही येथें महत्त्व आहे. चेतकास आवरणारा जो प्रतिबंधक, तो दिवसाच्या चक्रांत पहांटे सर्वांत अधिक असतो. म्हणजे विरघळविण्याची शक्ति त्या वेळीं सर्वांत कमी. हृदयविकाराचे झटके सकाळीं अधिक येतात, याच्या अनेक कारणांपैकीं हें एक समजलें जातें. म्हणून रात्रभर गाडींत बसून आलेल्या मनुष्यानें उतरल्याबरोबर गड चढूं लागणें हें वेळेच्या दृष्टीनेंही वाईटच. अर्धा तास गांवांत सपाटीवर हिंडावें, कोयना आणि केरा यांचा संगम पाहून यावें, पाणी प्यावें, आणि मग चढावें. चढतांना बोलणें तुटूं लागलें कीं थांबावें. डोक्यावर भारा घेऊन वर चढणारी डोंगरावरची बाई ठरलेल्या धोंड्यापाशीं भारा टेंकून उभी राहते. तिच्यापुढें धांवत जाणाऱ्या शहरी पाहुण्यानें त्या धोंड्यापाशीं थांबण्यांत कमीपणा मानूं नये. उतरल्यावर एकदम आडवें होऊं नये. पंधरावीस मिनिटें संथ चालावें. परतीच्या वाटेवर दर दोन तासांनीं गाडी थांबवून पाय मोकळे करावे, आणि बसल्या जागीं टांचा वरखालीं कराव्या. श्रम संपल्याबरोबर विडी-सिगारेट ओढण्याची चाल अनेकांत आहे. तंबाखूच्या धुरानें रक्तबिंबिका चिकट होतात, आणि नेमक्या याच तासांत त्यांस आणखी चेतविण्याचें कारण नाहीं.

कांहींजणांनीं विशेष सावध असावें. ज्यांच्या पायांत किंवा फुफ्फुसांत पूर्वीं गुठळी झाली आहे, ज्यांच्या घरांत ती खोड आहे, ज्या स्त्रिया संततिनियमनाच्या गोळ्या घेतात किंवा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, त्यांच्या रक्ताचा कल आधींच गोठण्याकडे असतो. त्यांनींही चालावें, फक्त एकाएकीं मोठ्या श्रमास हात घालण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. अ‍ॅस्पिरीनची गोळी घेऊन गड चढण्याची युक्ति मात्र कोणी ऐकीव माहितीवर करूं नये. तीव्र श्रमानें रक्तबिंबिकांत जो क्षोभ होतो तो तिनें पुरता शमत नाहीं, आणि पोटांत रक्तस्राव होण्याचें भय पदरीं पडतें. एका पायाची पोटरी सुजली, दुखूं लागली, ऊन लागूं लागली, किंवा प्रवासानंतर एकाएकीं धाप लागून छातींत कळ आली, तर ती चढणीची कणकण म्हणून तेल चोळीत बसूं नये, त्याच दिवशीं दाखवावें.

याच्या उलट एक घोटाळाही होतो, आणि त्यानें घरचीं माणसें विनाकारण हवालदिल होतात. गुठळी झाली आहे कीं काय हें पाहण्यासाठीं रक्ताची डी-डायमर नांवाची एक तपासणी करतात. फायब्रिनची जाळी विरघळतांना तिचे जे तुकडे पडतात, ते या तपासणींत मोजले जातात. मॅरॅथॉनसारख्या दीर्घ आणि तीव्र श्रमानंतर निरोगी मनुष्याच्या रक्तांतही हे तुकडे वाढलेले सांपडतात, कारण जाळी थोडीफार बनलेली असते आणि विरघळतही असते. रक्तबिंबिकांची आणि पांढऱ्या पेशींची संख्याही अशीच फुगलेली दिसते. तेव्हां दुखणें अंगावर नसतां केवळ वार्षिक तपासणीसाठीं रक्त द्यावयाचें असेल, तर तें शर्यतीच्या किंवा गड चढल्याच्या दुसऱ्याच दिवशीं देऊं नये. आणि दुखण्यामुळें द्यावें लागलें, तर आदल्या दिवशीं काय श्रम केले, किती तास गाडींत बसलों, हें डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां सांगावें.